मैदानात पुकारलेली मदत

माझी जीभ एका जागी राहत नव्हती. डावीकडच्या खालच्या दाढेला भोक पडलं होतं आणि बोलताना, जेवताना, दुसऱ्याचं ऐकतानाही जीभ तिथंच जाऊन बसायची. बायको म्हणायची, "अहो, त्ये तोंड हालवायचं बंद करा. म्हशीवानी रवंथ चाललाय निस्ता." मी चिडायचो. चिडायला मला तेव्हा कारण लागत नसे.

मी निवेदक. लग्न, साखरपुडा, दहावा, शाळेचं गॅदरिंग, यात्रेतलं कुस्त्यांचं मैदान; जिथं माइक तिथं मी. घर न्हावऱ्यात, पण शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत माझा आवाज न ऐकलेला माणूस सापडणं अवघड. कुठल्या शाळेत एक तास शिकवलेला नाही, तरी लोक मला 'सर' म्हणतात. माइकवर मी शुद्ध बोलतो आणि घरी गावासारखं. लग्नात पाहुणे मांडवाच्या दाराशी दिसले की त्यांचं नाव, पद, गाव एका दमात घ्यावं लागतं. एखाद्याचं पद चुकलं तर तो जेवत नाही, आणि नावच राहिलं तर पुढची काही वर्षं रस्त्यात ओळख देत नाही. असली माणसं सांभाळण्यात मी बावीस वर्षं काढली आणि खरं सांगायचं तर मला त्याचा माज होता.

दुखणं अकरा वर्षांपूर्वीचं. संधिवात. म्हातारपणी गुडघे धरतात तो नव्हे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं तो. मी चौतीस वर्षांचा होतो. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. चहाचा कप दोन तळव्यांत धरायचा. शर्टाची बटणं बायको लावते आणि लावताना दुसरीकडं बघते, कारण मी अशा वेळी तिच्यावरच खेकसतो. माइक धरायची युक्ती मी शोधून काढली होती. तो मुठीत न धरता अंगठ्याच्या बेचक्यात अडकवायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं ऐटीत धरलाय.

याच दुखण्यानं तोंडातलं पाणीही आटवलं. लाळ नाही म्हटल्यावर दात मुळाशी किडायला लागले. लोकांचा आपला एकच समज, सर तंबाखू खातात. मी जन्मात सुपारीचं खांडसुद्धा चघळलेलं नाही. सुरुवातीला हे मी प्रत्येकाला पटवून द्यायचो. मग ज्याला जे समजायचं ते समजू दे म्हणून सोडून दिलं, पण राग काही सुटला नाही.

पुण्याच्या दवाखान्यात मी दर दोन महिन्यांनी जायचो. तिथल्या डॉक्टरांनी त्या वर्षी माझी बोटं उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, आता गोळ्यांवर भागणार नाही, इंजेक्शन सुरू करू. नाहीतर बोटं वाकडी होतील ती कायमची. इंजेक्शन महागडं, माझ्या आवाक्यातलं नव्हतं. पण धर्मादाय कोट्यातून वर्षभराचं मिळणार होतं आणि यादीत माझा नंबर लागला होता. अट एकच. त्या औषधानं अंगातली रोग अडवायची ताकद कमी होते, म्हणून तोंडात पू असताना ते देता येत नाही. दातांच्या डॉक्टरचं पत्र आणायचं, तोंड साफ आहे असं. तीन महिन्यांत पत्र आलं नाही तर जागा पुढच्या पेशंटला जाणार.

"तीन महिने पुष्कळ झाले की," मी म्हणालो.

त्यांनी माझं तोंड उघडून बघितलं आणि चिठ्ठीवर शेवटची तारीख लिहून तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.

शिरूरची दातांची डॉक्टर तरुण होती आणि बोलायला रोखठोक. तिनं फोटो काढला, पडद्यावर माझी कवटी दाखवली आणि पेनानं एकेका दातावर टोचत गेली. सात काढावे लागतील. चार वाचवता येतील, पण त्यांचं रूट कॅनल करून वर कॅप बसवावी लागेल. मग काढलेल्या जागी नवे दात. सगळे मिळून बासष्ट हजार.

"पत्रापुरतं काय लागंल?" मी विचारलं.

"सात काढणं आणि त्या चारांचं काम. नवे दात नंतर बसवले तरी पत्र देता येईल. पण सर, तुमचं काम बोलण्याचं. तुम्ही दातांशिवाय राहू नका."

तिच्या भावाच्या लग्नात मीच होतो, म्हणून तीही सर म्हणाली. सरकारी योजनेचं कार्ड मी सोबत नेलं होतं. ते तिनं उलटून बघितलं आणि परत दिलं. माझं दातांचं काम त्यात बसत नव्हतं.

घरात दहा हजार होते. बाकीचे उभे करायचे म्हणून मी एक मेसेज लिहायला घेतला आणि दोन दिवस तो लिहितच राहिलो. दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नात उभ्याउभ्या कविता करणारा माणूस मी. स्वतःसाठी चार ओळी जमेनात. 'सस्नेह नमस्कार' म्हटलं की लग्नपत्रिका वाटायची, 'मदतीचे आवाहन' म्हटलं की वाटायचं आपण मेलोच. अंगणात फेऱ्या मारायचो, फोन उघडायचो, एक शब्द पुसायचो, फोन बंद करायचो. शेवटी कंटाळून चाळीस जणांना पाठवला.

हात जोडलेली चित्रं आली. लवकर बरे व्हा, असं आलं. लवंग धरा, कडुनिंबाच्या काडीनं घासा, असं आलं. एकानं विचारलं, "दातासाठी एवढं?" यात लोकांची चूक नाही. किडनी म्हटलं की माणूस खिशात हात घालतो आणि दात म्हटलं की हसतो. मीही हसलो असतो. सगळे मिळून तीन हजार आले.

खुटबावला माझी सासुरवाडी. मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, कांदा इकला की धा हजार देतो. धरून चाला." आणि आमच्या गावच्या साउंडवाल्यानं काही न विचारता पाच हजार हातावर ठेवले. हा साउंडवाला गावातल्या जुन्या मुसलमान घराण्यातला. मांडव आणि स्पीकरचा धंदा त्याच्या वडलांपासूनचा. मी त्याला भाई म्हणतो. त्याच्या टेम्पोत बसूनच मी बावीस वर्षं गावोगाव फिरलो. माझ्या घरच्यांना माहीत नसलेल्या गोष्टी त्याला माहीत आहेत, आणि माझ्या रागाला न घाबरणारा तो एकटाच.

मग गावची यात्रा आली. दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचं मैदान.

मैदानाची रीत बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. कुस्ती लागत असताना हौशी लोक उठून माइकच्या टेबलाशी येतात, निवेदकाच्या कानात नाव आणि आकडा सांगतात, आणि निवेदक पुकारतो: अमक्या पैलवानाला तमक्यांकडून पाचशे एक. हलगी कडाडते, देणारा फेटा सावरत जागेवर जाऊन बसतो. बक्षीस पैलवानाला असतं, पण खरी गंमत नावाची. म्हणून पुकारणारा चांगला असेल तर आकडे चढतात. कुणाचं नाव झाल्यावर किती थांबायचं, थांबताना कुणाकडं बघायचं, याचं माझं स्वतःचं असं एक गणित होतं. लांबलांबची मैदानं मला त्यासाठीच बोलवायची.

दोन मोठ्या कुस्त्यांच्या मध्ये पैलवान कपडे उतरवत होते, तेवढ्यात भाईनं माझ्या हातातला माइक काढून घेतला. त्यानं मला काही सांगितलेलं नव्हतं.

"मंडळी, जरा ऐका. ज्येंच्या आवाजावर आपलं मैदान चालतं त्या सरांच्या तोंडाचं काम निघालंय. धा-अकरा दात गेल्यात. त्याबिगर त्येंचं पुण्याचं औषध चालू व्हत न्हाई. पैशापायी आडलंय. आपल्या गावाचा मानूस हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार हजार लोक माझ्या तोंडाकडं बघत होते. मी त्याला बंद कर म्हणून खुणावलं, पण बटणही त्याच्याच हाताखाली.

आबांनी बसल्या जागेवरून हात वर केला. आबा सोसायटीचे माजी चेअरमन, पुढच्या खुर्चीवर, पाच बोटं दाखवत होते. भाई म्हणाला, "आबांचं पाच हजार." एवढंच. ना पद, ना घराणं, ना सन्माननीय. हलगीवाल्यालाही कळेना वाजवायचं की नाही. असं कुठं पुकारतात का? माझ्याच्यानं बघवेना. मी माइक हिसकावून घेतला.

आणि एकदा घेतल्यावर मी माझ्या कामाला लागलो. आबांचं नाव मी असं घेतलं, त्यांच्या वडलांनी गावाला दिलेल्या विहिरीसकट, की मैदान टाळ्यांनी उठलं. मग मी थांबलो. समोरच्या बाजूला आप्पा बसले होते, आबांच्या विरोधातल्या पॅनेलचे. त्यांच्याकडं मी फक्त बघितलं. आप्पांचा माणूस पळत आला: सात हजार. हलगी. मी पुन्हा आबांच्या बाजूला वळलो. मग ठेकेदार, दूधवाले, कंपनीत लेबर पुरवणारे, शेजारच्या गावांचे आजी-माजी सरपंच. शरमेचा पत्ता नव्हता. आपण आपल्याच दातांसाठी मागतोय हे मी विसरून गेलो होतो. मैदान रंगलं होतं आणि ते मी रंगवलं होतं. आकडा मनातल्या मनात जुळवत होतो तो चौऱ्याहत्तर हजारांवर गेला तेव्हा मी म्हणालो, "मंडळी, आपल्या या सेवकाच्या उपचारांची संपूर्ण सोय आज या मैदानात झालेली आहे. मी आपला जन्माचा ऋणी आहे." मला खरंच रडू आलं. ते कुणीतरी फोनवर घेतलं आणि दिवस मावळायच्या आत दोन्ही तालुक्यांत फिरलं.

चौथ्या दिवशी मी शिरूरला जाऊन बसलो. हातात अठरा हजार होते आणि बाकीचे आलेच म्हणून समजत होतो. डॉक्टरनं दोन खेपांत सात दात काढले, त्यात आणि औषधांत ते अठरा हजार संपले. त्यातले चार वरचे, पुढचे. घरी आल्यावर आरशात बघितलं तर आमचा थोरला चुलता दिसला, तो ऐंशीचा होऊन गेला. बायको म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, नवं बसवल्यावर झ्याक दिसाल." मी आरसा पालथा घातला.

पैसे येईनात. पहिले चार दिवस मी म्हटलं, लोक यात्रेच्या दगदगीत असतील. आठव्या दिवशी यात्रा कमिटीत गेलो. ते म्हणाले, "सर, पैलवानांची बक्षिसं आमी भागवली. तुमचं त्यात न्हाई. त्ये तुमचं तुम्ही बघा." आपण होऊन आले ते सलूनवाला आणि दोन शिक्षक. तिघांचे मिळून चार हजार.

मग माझी वणवण सुरू झाली. मोटारसायकलचा क्लच माझ्यानं दाबवत नाही, म्हणून भाई गाडी चालवायचा आणि मी मागं, तोंडाला रुमाल लावून. पहिल्या ठिकाणी चहा मिळाला. दुसऱ्या ठिकाणी उत्तर मिळालं, उसाचं बिल आल्यावर देतो. तिसरा म्हणाला, मी त्या दिवशी मैदानात नव्हतोच, पोरानं माझं नाव सांगितलं असेल. एकानं दारातच विचारलं, "आन् चौऱ्याहत्तर हजाराचं केलं काय तुम्ही?" त्याला वाटलं मी दुसऱ्या फेरीला आलोय.

आबांच्या ओट्यावर मी सकाळी गेलो. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला.

"आप्पानं दिलं का?"

"न्हाई अजून."

"त्यो पुढं बसून सात बोलला. आधी त्येचं आन. त्येनं दिल्याबिगर माझं मागू नगं, बरं दिसत न्हाई."

आप्पांकडं गेलो तर त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला. मीच दोघांना एकमेकांसमोर उभं करून आकडे काढले होते. आता एकाचे सुटल्याशिवाय दुसऱ्याचे सुटत नव्हते. परत येताना भाई म्हणाला, "सर, माझं चुकलं. मी पुकारायला नगं हुतं." मी म्हणालो, "तू कुठं पुकारलंस? पुकारलं मी."

मेव्हण्याचा भरवसा होता. पारगावचा पूल ओलांडून आम्ही खुटबावला गेलो. कांदा विकला गेला होता. मेव्हणा मला बघून खुश झाला आणि रानात घेऊन गेला, नवीन अंथरलेल्या ठिबकच्या नळ्या दाखवायला. "दाजी, तुमचा इडिओ बघितला की. चौऱ्याहत्तर हजार! म्हनलं झालं काम. मंग म्या ते धा ह्यात घातलं." त्याचा चेहरा इतका सरळ होता की मला सांगता येईना. सांगायचं म्हणजे गावानं शब्द पाळला नाही असं सांगायचं, आणि सासुरवाडीत आपल्या गावाची लाज काढायची. मी म्हणालो, "चांगलं केलंस." जेवलोही. पातळ आमटीत भाकरी कुस्करून, न चावता.

झोप लागत नव्हती, बसवत नव्हतं. महिना आणि थोडे दिवस उरले होते. वाचवायच्या चारांतल्या एका दाढेतून पू यायला लागला होता आणि उजवं मनगट सुजून त्याचा आकार बदलला होता. रोज सकाळी मी करंगळी सरळ होते का बघायचो. होत नव्हती. दर वेळी फोन वाजला की पैसे आले असं वाटायचं, आणि फोन कुणाच्या तरी बारशाचा. तोंड ठीक झालं की येतो, असं मी सांगायचो.

कवठे येमाईचा एक ठेकेदार आठ हजार बोलला होता. त्याच्याकडं गेलो तर तो घरी नव्हता, दुपारनंतर येईल म्हणाले. ऊन होतं म्हणून आम्ही जवळच्या दूध संकलन केंद्राच्या सावलीत थांबलो. आतल्या टेबलाशी एक माणूस दुधाची फॅट बघत होता. कान मोडलेले, म्हणजे पैलवान. खुर्चीला काठी टेकवलेली. त्यानं मला बघून उठायचा प्रयत्न केला तेव्हा मी ओळखलं.

चार वर्षांपूर्वी तिकडच्याच एका मैदानात तो मानेवर पडला होता. मी माइकवर होतो. त्याला गाडीत घातल्यावर मी मैदान थांबवलं आणि त्याच्यासाठी लोकांना हात जोडले. एक लाख वीस हजार पुकारले होते. माझ्या सगळ्या निवेदनांत मला ते सर्वांत जास्त आवडायचं. त्याचा व्हिडिओ मी फोनमध्ये जपून ठेवला होता आणि नव्या पार्टीला माझं काम दाखवायचं झालं तर तोच दाखवायचो.

त्यानं चहा मागवला. माझं तोंड बघून त्याला वाईट वाटलं. म्हणाला, "सर, तुमचंबी बघितलं मोबाईलवर. आलं का पैसं?"

मी म्हणालो, "न्हाई."

तो हसला नाही.

"तुझं किती आलं हुतं?" हे विचारायला मला चार वर्षं लागली होती.

"साडेसात हजार. त्येबी वरीसभरात."

"आन् मला का न्हाई सांगितलं? मी पुन्यांदा मागितलं असतं की."

"तुमाला कसं सांगायचं, सर? तुमीच मैदानात म्हनाला, पैलवानाच्या उपचाराची समदी सोय झाली. मंग वस्ताद, सोयरं, समद्यांनी हात आखडलं. आईनं पुण्याला जायच्या आदी मामाकडं मागितलं, तर मामा म्हनला, लाख रुपयं गिळून परत मागतीय. मानंला मार बसल्यापासनं ह्यो पाय आजून नीट न्हाई पडत. व्यायामाला रोज जायचं हुतं पुण्याला, सा म्हैनं. आमी दोन म्हैनं गेलो."

हे सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता. मागून दुधाच्या बरण्या येत होत्या आणि तो एकेक नमुना यंत्राखाली धरत होता. मला मात्र तिथं बसवेना. ठेकेदाराची वाट न बघता मी भाईला म्हणालो, चल.

गावाबाहेर एका लिंबाखाली मी गाडी थांबवायला लावली आणि फोन काढला. बोटांनी लिहिणं जमत नव्हतं, म्हणून आवाज रेकॉर्ड केला. दात गेल्यापासून मी फोनवरही कमीत कमी बोलत होतो. तोंडातून वारा जायचा, 'स' आणि 'त' सगळा पसरायचा, थुंकी उडायची. तसाच बोललो. माइकवरचं शुद्ध बोलणं काही आलं नाही. म्हणालो, न्हावऱ्याच्या मैदानात माझ्यासाठी चौऱ्याहत्तर हजार पुकारले, त्यातले चार हजार आले. कवठ्याच्या पैलवानासाठी मी एक लाख वीस हजार पुकारले, त्याला साडेसात हजार मिळाले. दोन्ही वेळेला सोय झाली असं मी म्हणालो. झाली नव्हती. कुणाचं नाव मी घेतलं नाही. माझ्याकडं जेवढे ग्रुप होते तेवढ्यांवर टाकला.

भाई म्हणाला, "सर, आता तुमाला कोन बोलवंल?"

मी म्हणालो, "असं तोंड घेऊन गेलो तरी कोण बोलवंल?"

आबांचा निरोप दुसऱ्या दिवशी आला: मैदानाची बदनामी केली, पुढच्या यात्रेला दुसरा निवेदक बघणार. आप्पांचाही तोच, आणि या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. तीन लग्नं हातची गेली. मेव्हण्यानं लगोलग चार हजार पाठवले आणि मागोमाग फोन केला. म्हणाला, "दाजी, रानात हुता तवाच बोलायचं न्हाई व्हय?"

चार हजार घेऊन मी शिरूरला गेलो. सतरा दिवस उरले होते. सलूनवाल्याचे आणि शिक्षकांचे पैसे पुण्याच्या खेपांत आणि गोळ्यांत गेले होते. डॉक्टरला म्हणालो, "ते चारही काढा."

ती हातमोजे घालायची थांबली. "हे वाचतात, सर. चांगले दात आहेत. यांच्या आधारानं पुढचे बसवता येतील."

"काढल्यावर पत्र कधी मिळंल?"

"जखम भरली की. दहा-बारा दिवस."

"आणि न काढता?"

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. सुई दिली. त्या दिवशी तिनं पैसे कमी घेतले, किती ते मला आजही सांगत नाही.

पत्र मुदतीच्या तीन दिवस आधी पुण्याला पोचलं. इंजेक्शन सुरू झालं. नवे दात अजून बसवलेले नाहीत. मऊ भात, कुस्करलेली भाकरी आणि बायकोची बडबड यांवर दिवस जातात. भाईच्या टेम्पोत मी आता वायरी गुंडाळायला जातो.

पण त्या रेकॉर्डिंगनंतर फोन येत राहिले. दातांसाठी पैसे देणारे थोडेच. बाकीचे मला काही सांगायला करायचे. एकाच्या बापाच्या डोळ्यासाठी मी कधीतरी पुकारलं होतं. एकीच्या घराला आग लागली होती. प्रत्येकाला मी पुकारलेला आकडा तोंडपाठ होता, मला एकही आठवत नव्हता. मी ऐकायचो, फोन ठेवायचो आणि अंगणात येरझाऱ्या घालायचो. बायको म्हणायची, नका उचलू. पण न उचलणं मला जमेना.

तिसऱ्या इंजेक्शननंतरची गोष्ट. सकाळी मी स्वतः शर्टाची दोन बटणं लावली आणि तिसऱ्याशी झटत होतो, तेवढ्यात फोन वाजला. दौंड तालुक्यातली एक बाई. नवऱ्याच्या किडनीसाठी मी एका गॅदरिंगमध्ये पंचवीस हजार पुकारले होते म्हणाली.

"रुपया आला न्हाई, सर. आन् मानूसबी ऱ्हायला न्हाई. मला आता पैसं नगंत."

"मग ताई?"

"सासूबाई मरस्तवर म्हनत हुत्या, पैसं आलं आन् हिनं म्हायेरी दिलं. दीर आजून बोलत न्हाई माझ्याशी. घरात पानी भरून ठिवलं तरी पीत न्हाई. आज त्यो हितं दारात हाय. मी फोन स्पीकरवर टाकते. तेवढं सांगाल का त्येला?"

पैसे आले नव्हते हे मला तरी कुठं माहीत होतं? मी कधी विचारलंच नव्हतं. मला माहीत होतं ते एवढंच, की मी काय बोललो होतो. मी म्हणालो, "दादा, पुकारलं मी. कोणी दिलं का ते मी बघितलं नाही. सोय झाली म्हणालो ते खोटं होतं. वहिनींचा यात दोष नाही."

"काय म्हनतोय ह्यो?" पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "कोन बोलतंय?"

बायको चुलीपासून उठून दारात आली होती. मी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि तेच सगळं पुन्हा एकदा म्हणालो, मैदानात पुकारायचो तेवढ्या मोठ्यानं.